तळव्यापासून तोंडापर्यंत

"कॅमेरा घे आन् चल," आण्णा हवालदार दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले. "बॅटरी भरलेली घे. लाइटबी घे."

"कुणाचं लगीन, आण्णा?"

"चल म्हणतोय की!"

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, हा माणूस देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खातो. खातो की! पंधरा वर्षं लग्नाची व्हिडिओ शूटिंग केल्यावर कुणावर विश्वास ठेवायचा? कॅमेऱ्यासमोर गळ्यात गळे घालणारे व्याही कॅमेरा बंद होताच मानपानावरून एकमेकांची गचांडी धरताना मी पाहिलेत. त्यामुळे आण्णांनी पोलिसांची जीप आणली आणि मला पुढच्या सीटवर बस म्हणाले, तेव्हाच माझा संशय जागा झाला. मागे कोंबलं असतं तर निदान काय चाललंय ते कळलं असतं.

साल अठ्ठ्याण्णव, महिना एप्रिल, ऐन लगीनसराई. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत माझं 'दीप्ती व्हिडिओ', मुलीच्या नावाचं. शूटिंगच्या जोडीला एका भिंतीला सिनेमाच्या कॅसेटींचं कपाट होतं, भाड्यानं द्यायला. त्यातल्या निम्म्या कॅसेटी कुठून आल्या ते विचारू नका. आण्णा आमच्याच गल्लीतले. त्यांच्या थोरलीचं लग्न मीच शूट केलेलं.

जीप थेट सरकारी दवाखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन थांबली. ते दार कशाचं आहे हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

"आण्णा, हे काय?"

"काय न्हाय रं. पोस्टमार्टेमचं शूटिंग करायचं हाय. दिल्लीला मानवी हक्काचं कायतरी हापिस हाय, त्यांचा नियम. कोठडीत माणूस मेला की शूटिंग काढायचं."

"कोठडीत मेला?"

"फिट आली, पडला. तू शूटिंग कर, चौकशी नगं."

मेलेल्या पोराचं नाव प्रसेनजीत. वय तेवीस, गाव कोडोली. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत साचे भरायचा. तांब्याची तार चोरल्याच्या संशयावरून त्याला ठाण्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो मेला. ठाणं कुठलं ते मी सांगणार नाही. मला अजून याच जिल्ह्यात राहायचंय.

आत टेबलाच्या डोक्याच्या बाजूला फौजदार नाकाला रुमाल लावून उभा होता. शेजारी दुसरं टेबल, त्यावर झाकलेलं आणखी एक प्रेत. अपघातातलं, आण्णांनी सांगितलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, शिवलीला मॅडम. गडहिंग्लजकडच्या, बोलण्यात कानडी हेल. त्यांच्या हातात छापील कागदांचा एवढा जाड गठ्ठा.

"काका, असलं शूटिंग आधी केलंय काय?"

"न्हाय मॅडम. बारशापासनं साठीशांतीपर्यंत सगळं केलंय. एवढंच ऱ्हायलं व्हतं."

कुणी हसलं नाही. मीही हसवायला बोललो नव्हतो. भीती कुणाला दिसू नये म्हणून बोललो होतो.

"तोंड घे, छाती घे, झालं," फौजदार म्हणाला. "जास्ती हिकडं-तिकडं फिरवू नगंस."

आता इथे मला नवरदेवाबद्दल सांगावं लागेल. आमच्याकडे नवरदेव घ्यायची एक पद्धत आहे. पहिला शॉट पायातल्या चपलेपासून सुरू करायचा आणि हळूहळू वर जात फेट्याच्या तुऱ्यापर्यंत न्यायचा. मध्ये थांबायचं नाही, कापायचं नाही. माझ्या उस्तादांनी हे अक्षरशः मारून शिकवलं. हा धंदा नवा असताना एका शूटिंगवाल्यानं नवरदेवाचं नुसतं तोंड घेतलं होतं, कारण पोराचा पाय अधू होता. पुढे मुलीकडच्यांनी कॅसेट बघितली आणि शूटिंगवाल्याला धरून बडवला. तू सामील होतास, म्हणाले. उस्ताद सांगायचे, "बाळासो, लग्नात समद्यास्नी समद्यांचा संशय असतो. आपन पहिला शॉट सलग घ्यायचा. पोरगं हाय तसं, पायापासनं तोंडापर्यंत. मग कुनाची बोलायची टाप न्हाय."

पंधरा वर्षांत माझा हात असा बसलाय की खांद्यावर कॅमेरा आला आणि समोर आडवं-उभं माणूस आलं की मी पायाशी जातो. त्या दिवशीही तेच झालं. हिंमत, सत्य, न्याय वगैरे काही डोक्यात नव्हतं. भीतीनं डोकं बंद पडलं होतं, म्हणून हात आपलं नेहमीचं काम करत सुटला. मी टेबलाच्या पायाच्या बाजूला उभा राहिलो, बटण दाबलं, आणि चौकटीत त्याचे दोन तळवे आले.

काळेनिळे होते. सुजून सपाट झालेले, आणि त्यावर आडवे वळ, एकाला एक लागून. चपला न घालता चालणाऱ्याचे पाय मी खूप पाहिलेत. हे तसलं नव्हतं. फिट येऊन पडणाऱ्याला तळव्यावर कसं लागतं?

हात थांबला नाही. तळव्यांवरून कॅमेरा घोट्यांवर आला, गुडघ्यांवर, हातांवर, छातीवर, हनुवटीवर आणि शेवटी तोंडावर. तोंडावर मी नवरदेवाला थांबतो तेवढा थांबलो. मनात सात आकडे मोजतो मी. मग बटण बंद केलं आणि मगच मला घाम फुटला.

फौजदार डोक्याच्या बाजूला होता, त्याला तळवे दिसलेच नव्हते. पण मॅडम माझ्याकडे बघत होत्या. उठून पायाशी आल्या. वाकून बघितलं. मला वाटलं, आता ह्या म्हणणार, पुसा ते. पुसा म्हणाल्या असत्या तर मी पुसलं असतं, खोटं कशाला बोलू? त्यांनी खिशातून पट्टी काढली, तळव्याला लावून धरली आणि म्हणाल्या, "काका, चालू करा. अजून जवळनं घ्या. पट्टीवरचे आकडे दिसू देत."

"मॅडम, पायाचं काय काम हाय?" फौजदारानं रुमाल काढला.

"रकाना आहे साहेब." त्यांनी गठ्ठ्यातलं पान उलटून दाखवलं. "तळपाय. उजवा आणि डावा, वेगवेगळे लिहायचे."

"असला रकाना पयला नव्हता."

"आता आलाय. दिल्लीच्या मानवी हक्क आयोगानं युनोच्या नमुन्यावरनं केलाय हा फॉर्म. मोकळा ठेवला तर मला दिल्लीला कारण द्यावं लागतंय."

फौजदार तावातावानं फोन शोधायला बाहेर गेला. मला राहवलं नाही. हळूच विचारलं, "मॅडम, युनोवाल्यास्नी कसं ठावं, कोल्हापुरात तळव्यावर मारत्यात ते?"

लिहिता लिहिताच त्या म्हणाल्या, "कोल्हापूरचं नाही हो माहीत त्यांना. जगात सगळीकडंच तळव्यावर मारतात काका. वर दिसत नाही, आणि बूट घातले की झाकून जातंय. कुठल्या कुठल्या देशांत माणसं अशी मेली, तिथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं, तेव्हा हा रकाना झाला."

म्हणजे तिकडे, ज्यांची नावंसुद्धा मला उच्चारता येणार नाहीत अशा गावांत, कोण कोण पोरं तळव्यावर मार खाऊन मेली होती. ती मेली म्हणून कोल्हापूरच्या टेबलावर हा छापील कागद आला होता.

फौजदार परत आला तोवर मॅडमनी माझ्या हातातून कॅसेट घेऊन लाख लावून सील केली होती. पंचांच्या सह्या झाल्या होत्या. तरी माझा संशय गेला नाही. बाई एवढी थंड कशी? ही आत्ता लिहितेय, रात्रीतून पान बदललं तर? आणि मला साक्षीदार करून ठेवलं ते वेगळंच. घरी येऊन अंघोळ केली आणि बायकोला सांगितलं, दवाखान्यातल्या कुठल्यातरी कार्यक्रमाचं शूटिंग होतं.

चार दिवसांनी आण्णा दुकानात आले. स्टुलावर बसले, चहा मागवला. "बाळासो, कोन इचारायला यील. पेपरवालं येत्याल, संघटनेवालं येत्याल. आपल्याला कायबी ठावं न्हाय. काय?"

"मी कशाला बोलतोय, आण्णा?"

"म्हातारीकोतारी मानसंबी येत्यात. रडत्यात. साहेबच पाठवत्यात कवाकवा, कोन फुटतंय बघाय."

झालं! त्यानंतर दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस मला फौजदारानं पाठवलेला वाटायला लागला.

त्याच आठवड्यात एक म्हातारा आला. पांढरी टोपी, धुवट सदरा. उन्हातून चालत आला असावा. आत येऊन कपाटातल्या कॅसेटी बघत उभा राहिला, पण बघत नव्हता.

"पावणं, लग्नाचं शूटिंग तुमीच करता न्हवं?"

"करतो की. कुणाचं हाय?"

"लेकीचं. संघप्रिया नाव हाय."

"तारीख?"

"तारीख... अजून धरली न्हाय."

मी सावध झालो. तारीख नाही, स्थळाचा पत्ता नाही आणि हा एप्रिलच्या उन्हात शूटिंगवाला बघत फिरतोय? म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"तुमी मढ्याचंबी शूटिंग केलंसा म्हनं. दवाखान्यात. त्या पोराच्या अंगावर काय दिसलं तुमास्नी?"

मला आण्णांचे शब्द आठवले आणि माझं टाळकं सटकलं. एवढा मोठा आवाज मी बायकोवरही कधी काढला नाही. "कसलं मढं? कुनी सांगितलं तुमास्नी? मी लग्नं करतो, मढी न्हाय! ज्यानं पाठवलंय त्येला जाऊन सांगा, बाळासोला कायबी ठावं न्हाय!"

म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली आणि तो निघून गेला. मी दाराशी जाऊन बघितलं, पुढे कोपऱ्यावर जीप उभी आहे का. जीप नव्हती. मग वाटलं, लांब उभी केली असेल.

पावसाळ्यात शिवलीला मॅडमची बदली गारगोटीला झाली. नेहमीची बदली, म्हणाले सगळे. मी मनात म्हटलं, असेल बाबा. दोन वर्षं गेली. कॅसेटीचं काय झालं कळलं नाही, मी विचारलंही नाही. आणि दोन हजार सालच्या जानेवारीत पाकीट आलं: मानवी हक्क आयोगाचे अधिकारी दिल्लीहून चौकशीला येत आहेत, सर्किट हाउसवर हजर राहावं.

पाकिटाच्या मागोमाग आण्णा आलेच.

"हे बघ. त्या दिवशी आत दोन मढी व्हती, व्हय का न्हाय?"

"व्हती."

"बास. मग गडबडीत दोन्हीचं शूटिंग झालं. पाय एकाचं, तोंड दुसऱ्याचं. एवढंच बोलायचं."

"आन् न्हाय बोललो तर?"

आण्णांनी कॅसेटींच्या कपाटावरून नजर फिरवली. "न्हाय बोललास तर आठवत न्हाय म्हन. तेबी चालंल. बाळासो, दिल्लीवालं चा पिऊन जात्यात. आपन हितंच असतोय."

यात खोटं काय होतं? मला दिल्लीवाल्यांचाही भरवसा नव्हताच. म्हणून ठरवलं: आठवत नाही.

सर्किट हाउसच्या खोलीत शिरलो तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर तो म्हातारा बसला होता. तीच पांढरी टोपी. कारकुनानं नाव घेतलं, "धोंडीराम, मयताचे वडील," आणि मी दारातच थांबलो. बाप होता तो! पोराच्या अंगावर काय दिसलं एवढंच विचारायला कोडोलीहून आला होता, आणि मी त्याला कुत्र्यासारखा हाकलला होता. लाज वाटली. इतकी की मी त्याच्याकडे पाठ येईल अशी खुर्ची निवडली.

दिल्लीचे साहेब काटकुळे, चष्मेवाले. ते हिंदीत विचारायचे, मी मराठीत उत्तर द्यायचो, आणि त्यांचा कारकून दोन्हीकडचं पोचतं करायचा. एका बाजूला फौजदार बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्याचं म्हणणं त्यानं आधीच लिहून दिलं होतं: पाय प्रसेनजीतचे नाहीतच, शेजारच्या अपघातातल्या माणसाचे आहेत. सील आपल्यासमोर झालेलं नाही, डॉक्टरबाई आणि शूटिंगवाल्यानं संगनमत करून जोडलेत. सगळं प्रकरण एवढ्यावर येऊन थांबलं होतं. ते पाय पोराचे ठरले तर त्याला मारला, नाही ठरले तर फिट आली.

टीव्हीवर कॅसेट लावली. सील साहेबांनी सगळ्यांना दाखवून फोडलं. एकदा पूर्ण चालवली आणि साहेब माझ्याकडे वळले.

"शूटिंग पायांपासून का सुरू केलं? कुणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी? कुठल्या संघटनेनं?"

माझ्यापेक्षा संशयी माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आठवत न्हाय, साहेब."

"शेजारच्या प्रेताचं शूटिंग केलं होतं?"

"आठवत न्हाय."

पाठीमागे म्हाताऱ्याची खुर्ची करकरली. मी मान वळवली नाही. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "म्हणजे हे तुकडे नंतर जोडलेले असू शकतात. तसं करता येतं ना?"

"येतं की साहेब!" फौजदार मध्येच बोलला. "ही लोकं मिक्सिंगमदी काय वाट्टेल ते करत्यात. नवरा ऱ्हातोय उजळाईवाडीत आन् त्येच्यामागं ताजमहाल उभा करत्यात!"

आणि माझं टाळकं पुन्हा सटकलं. मला शूर म्हणू नका कुणी. तो मला खोटारडा म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण तो माझ्या धंद्याबद्दल बोलला.

"ताजमहाल लावतो! लावतो की!" मी उभाच राहिलो. "बदाम लावतो, गुलाब पाडतो, बाशिंगातनं चांदण्या काढतो. पर पयला शॉट मी जन्मात कापला न्हाय! इचारा कोल्हापुरात कुनालाबी. पायापासनं तोंडापर्यंत सलग! त्या शॉटात जोड दाखवा, आत्ता कॅमेरा पंचगंगेत टाकतो!"

कारकून भराभर भाषांतर करत होता. साहेबांनी हात वर केला. "पण का? प्रेताचं शूटिंग पायापासून का?"

"सवय हाय साहेब. कुनी सांगितलं न्हाय. मॅडमनी न्हाय, संघटनेनं न्हाय. त्येला मी..." पुढचं वाक्य तोंडात आलं तेव्हा कळलं, ते कुणासमोर बोलायचंय. पण आता मागे फिरायला वाट नव्हती. "त्येला मी नवरदेवाला घेतो तसा घेतला."

कारकून अडखळला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं तेव्हा हळूच म्हणाला, "दूल्हे की तरह, सर."

मग मागून धोंडीराम म्हणाले, मला नाही, कुणालाच नाही, "लगीन व्हायचं व्हतं त्येचं."

निकालाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून विचारायला नको. आयोगानं लिहिलं की शॉट सलग आहे, मध्ये जोड नाही, ते पाय त्याच मुलाचे आहेत आणि मार कोठडीतलाच आहे. फौजदारावर खटला भरा आणि बापाला भरपाई द्या, असं सरकारला कळवलं. भरपाई आली. खटला कोर्टात आहे, तारखा पडताहेत. माझ्या दुकानावर मार्चमध्ये धाड पडली आणि कॅसेटींचं कपाट रिकामं झालं. आण्णा बोलत नाहीत. मी अजूनही कुणावर फारसा विश्वास ठेवत नाही, आणि दिल्लीवर तर नाहीच. पण त्या खोलीत नंतर जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

साहेब म्हणाले, कॅसेट पुन्हा एकदा लावा, जोड आहे का ते बघायचंय. मग धोंडीरामांकडे वळून त्यांनी सांगितलं, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल.

"न्हाय साहेब. बघतो."

पडद्यावर तळवे आले. चित्र घोट्यांवर सरकलं, गुडघ्यांवर, हातांवर. साहेब पडद्याच्या जवळ वाकून बघत होते. छाती आली, हनुवटी आली, आणि तोंड आलं तेव्हा मागे खुर्ची सरकली. धोंडीराम उठून उभे राहिले होते.

साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. "बैठिए, बैठिए."

"असू दे साहेब. उभाच ऱ्हातो."

कारकुनानं कॅसेट थांबवली, पडद्यावर पोराचं तोंड तसंच राहिलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि ते उठले. त्यांच्या मागोमाग कारकून उठला. मी तर उभाच होतो. फौजदार बसून राहिला. त्यानं एकेकाकडे बघितलं, कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. मग त्यानं गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि तोही उभा राहिला.